चौरंगाखालचा बर्फ

बर्फावरून घसरून पडायचं तर माणसाला निदान बर्फापर्यंत जावं लागतं, असा सर्वसाधारण समज आहे. मी मीरा रोडला, पेणकरपाड्याच्या मागच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून घसरलोय. आणि साक्षीला घरचा गणपती होता.

सुरुवात अंकलपासून झाली. अंकल आमच्या समोरच्या दारातले. माझ्यापेक्षा फार मोठे नाहीत, पण आमची मुलं लहान असताना त्यांना अंकल म्हणायची, मग बायको म्हणायला लागली, मग मी, आणि आता वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत अख्खी बिल्डिंग म्हणते. मूळचे उत्तनचे. घरचे सगळे मासेमारीत, हे तेवढे मोठ्या जहाजावर गेले आणि जन्मभर पाण्यावरच राहिले. सुट्टीवर यायचे तेव्हा आम्हाला आठवण व्हायची की समोरच्या आंटींना नवराही आहे. आता निवृत्त होऊन कायमचे घरी आले आणि सगळ्यांची पंचाईत झाली. जमीन हलत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. जेवताना म्हणे त्यांचा हात अजूनही ताट धरून ठेवतो.

एका संध्याकाळी ते काखेत एक चपटा लाकडी खोका मारून आमच्या दारात उभे राहिले. मागून आंटींचा आवाज आला, "एक तर तो खोका या घरात ऱ्हाईल, न्हायतर मी!"

"मग?" मी विचारलं.

"मंग काय, तिला ठेवली," अंकल चपला काढत म्हणाले. "सैपाक तिलाच येतो ना."

खोक्यात जिगसॉ पझल होतं. पुठ्ठ्याचं नव्हे, लाकडाचं. एकेक तुकडा बिस्किटासारखा जाड, पाठ कोरी, आणि कापणाऱ्याने हौसेने काही तुकड्यांना आकारही दिलेले. एक पक्षी, एक किटली, एक बूट. खोक्याच्या झाकणावर चित्र होतं. गोठलेला कालवा, मागे चर्चचा सुळका आणि निष्पर्ण झाडं, आणि बर्फावर अख्खं गाव उतरलेलं. लांब कोटातले पुरुष हात पाठीमागे बांधून घसरतायत, स्कार्फवाल्या बायका एकमेकींना धरून घसरतायत, एक कुत्रं चारही पाय चार दिशांना पसरून बसलंय. काठावर एक तंबू, त्यातून वाफ येतेय. तंबूत काय मिळतं ते चित्रकाराने दाखवलेलं नाही. माझी बायको पहिल्या दिवसापासून म्हणत होती, चहा.

अंकलनी तरुणपणी तिकडच्या कुठल्याशा थंड बंदरात ते घेतलं होतं. "सायब, मी बर्फ कुठं बघितलेला? उत्तनला," ते सांगायला लागले. मी ऑफिसातून निवृत्त झालो तरी ते मला सायबच म्हणतात, आणि त्यात आदर किती हे विचारण्याची माझी हिंमत नाही. "ट्रकमदनं लाद्या यायच्या, फोडायच्या, म्हावऱ्यावर टाकायच्या. तिकडं बंदरात उतरलो, बघतो तं काय, लोक त्याच्यावर नाचतायत! आमच्याकडं बर्फ म्हावऱ्याला, तिकडं मानसांना."

पण ते चित्र कधीच पूर्ण झालं नव्हतं. दर सुट्टीत अंकल ते जेवणाच्या टेबलावर मांडायचे, कडा जुळवायचे, थोडं आकाश, थोडी झाडं, आणि तेवढ्यात कंपनीचा फोन यायचा, जहाज लागलंय, निघा. ते गेले की आंटी एका हाताने सगळं खोक्यात लोटायच्या आणि त्याच टेबलावर बोंबील निवडायला घ्यायच्या. अख्खी नोकरी अशीच गेली.

आता फोन येणार नव्हता. म्हणून आमच्या हॉलमध्ये, कॅरम बोर्डाच्या पाठीवर, बर्फ अंथरला गेला.

माझी पझल लावण्याची पद्धत सांगतो. तुकडा उचलायचा, जिथे बसावासा वाटतो तिथे ठेवायचा, आणि बसला नाही तर वरून मुठीने ठोकायचा. कॅरममध्येही माझी हीच पद्धत आहे आणि संसारातही, असं बायको म्हणते. अंकल मात्र तुकडा दोन बोटांत धरून बराच वेळ नुसते बघायचे. मग अलगद ठेवायचे. तो कधी बसायचा, कधी नाही. नाही बसला तर रागवायचे नाहीत, परत सुट्या तुकड्यांच्या डब्यात टाकायचे. मी मूठ उगारली की ओरडायचे, "ठोकू नको रे! लाकूड हाय, खिळा न्हाय!"

झाकणावरच्या चित्रात अगदी मधोमध एक माणूस पडलेला होता. पाठीवर उताणा, दोन्ही बूट आभाळाकडे, टोपी लांब उडालेली, आणि आजूबाजूचे सगळे त्याला वळसा घालून पुढे चाललेले. अंकलनी पहिल्याच दिवशी त्याच्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ह्यो तू."

"मी कशावरून?"

"सगळे चाललेत, एकटा पडलाय. आनि बघ, पडून पन बोलतोय."

खरंच त्याचं तोंड उघडं होतं. स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं. तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत त्या माणसाला 'सायब' म्हणायला लागले. अख्खा पडलेला सायब एकाच मोठ्या तुकड्यावर होता आणि तो शेवटी लावायचा, असं ठरलं. मान म्हणून.

मग अंकलच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली. तारीख मिळाली ती गणपतीतली. आदल्या दिवशी ॲडमिट व्हायचं.

तारीख मिळाली त्या संध्याकाळी अंकल नेहमीसारखे आले, बसले, पण कुठला तुकडा उचलला नाही. बर्फावर बोट फिरवत राहिले.

"सायब, हे पुरं करून जानार मी," ते म्हणाले. "अर्धं टाकून न्हाय जानार. या वेळेला न्हाय."

मी काहीतरी विनोद करणार होतो. त्यांचा चेहरा बघून तो गिळला आणि एक तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला.

आता आमचा गणपती. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दीड दिवसाचा. आज बसला की उद्या संध्याकाळी गेला. पण त्या रात्री मला वाटलं, अंकलचं ऑपरेशन व्हायच्या वेळी बाप्पा घरात असला तर बरं. एवढीच साधी गोष्ट. ती बायकोला सांगून, विचारून करायची, तर मी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून टाकली. 'यंदा आमच्याकडे दहा दिवस! सर्वांनी यावे.' खाली फुलं, दिवे, हात जोडलेले असं सगळं टाकलं. लगेच अंगठ्यांचा पाऊस पडला.

बायकोने ते वाचलं. फोन ओट्यावर पालथा ठेवला. "दहा दिवस नैवेद्य कोण करणार? तुमचा ग्रुप?"

मी तिला कारण सांगितलं. तिने फोन परत सुलटा केला. मग म्हणाली, "हे आधी मला बोलला असतात तर मीच म्हटलं असतं." पुढे आवाज चढवून, "आणि तांदळाची पिठी तुम्ही आणायची. बारीक. मागच्या वेळसारखी रवाळ नको."

चतुर्थीच्या सकाळी हॉल रिकामा करायचा होता. अर्ध्याहून जास्त जुळलेला बर्फ कॅरम बोर्डासकट आतल्या खोलीत न्यायचा, आणि उरलेल्या तुकड्यांचा स्टीलचा डबाही.

"डब्याला झाकण लावा," बायको म्हणाली.

"एवढ्याशाला काय झाकण? पाच पावलं तर जायचंय."

ही पाच पावलं पुढच्या सगळ्याचं मूळ आहेत.

दुसरं मूळ आमची फरशी. घर घेतलं तेव्हा फरशी बदलायचं काम माझ्या देखरेखीखाली झालं होतं. फरशीवाला म्हणत होता, साब, लेव्हल में डालते हैं. मी म्हटलं नाही, बाल्कनीकडे थोडा उतार दे, धुतलं की पाणी आपोआप जाईल. पाणी आजतागायत गेलेलं नाही, ते स्वयंपाकघराकडे जातं. पण हॉलमध्ये ठेवलेली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या पायावर डुगडुगते. चौरंगही. दरवर्षी त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवावी लागते.

गुरुजी आले ते घाईतच आले. "चला लवकर, अजून चेण्याला जायचंय मला, घोडबंदर रोडला ट्रॅफिक आहे." चौरंग मांडला, डुगडुगला. पुठ्ठा शोधायचा तर बायकोच्या दोन्ही हातांत मूर्ती, गुरुजींची नजर घड्याळावर, माझा चष्मा डोक्यावर. मी गुडघ्यावर बसून मखराच्या आजूबाजूला चाचपडलो. यंदा मखर प्लायवूडचं आणलं होतं, जोडाजोडीचं, त्याचे बारीकसारीक तुकडे तिथे पडलेलेच होते. हाताला एक मिळाला. चष्म्याविना कोराच दिसणारा, लाकडी, आणि जाडीला असा नेमका, की पायाखाली सरकवल्याबरोबर चौरंग खडकासारखा स्थिर.

"बघा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "देव स्वतःची सोय स्वतः करतो."

गुरुजी 'छान, छान' म्हणाले. प्राणप्रतिष्ठा झाली.

पुढचे दिवस अंकल आणि मी आतल्या खोलीत दिवाणावर बर्फ पसरून बसायचो. बाहेर पाहुणे, आरत्या, मोदकांच्या ताटल्यांची ये-जा. आरतीला अंकल बाहेर यायचे आणि झांजा वाजवायचे. त्यांचा ताल जहाजाच्या इंजिनाचा होता, आरतीचा नव्हता, त्यामुळे आमची आरती शेवटी शेवटी पळायला लागायची. मग परत आत. आकाश झालं. चर्च झालं. चहाचा तंबू झाला. कुत्र्याचा चौथा पाय सापडला तेव्हा अंकलनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की बायपास मलाच लागते की काय असं वाटलं.

आणि मग सगळं झालं. मधोमध एक भोक सोडून.

"आता सायबाला आना," अंकल हात चोळत म्हणाले.

मी डबा उघडला. डबा रिकामा होता.

दिवाण ओढला. गादी झटकली. कपाटाखाली केरसुणीची काठी घातली, तिथून मुलीचा शाळेतला रबर निघाला. बायकोने कोपरान्‌कोपरा झाडला. मी मिक्सरचं भांडंसुद्धा बघितलं, का ते विचारू नका. अंकल आधी शोधत होते, मग खुर्चीवर बसले. जाताना दारात म्हणाले, "असू दे. नशिबात न्हाय." त्यांना न्यायला आलेल्या आंटींनी जाता जाता मागे वळून आमच्याकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ॲडमिट व्हायला एकच दिवस राहिला होता. सकाळची आरती झाली, मी लोटांगण घातलं. एरवी गुडघ्यामुळे मी अर्ध्यावरच आटोपतो, त्या दिवशी मनापासून पूर्ण आडवा झालो. कपाळ फरशीला. डोळे उघडले तर समोर चौरंगाचा पाय. पायाखाली लाकूड. आणि लाकडाच्या कडेला, पायाबाहेर डोकावणारं, काळ्या बुटाचं एक टोक.

मी उठलो नाही.

"अहो," थोड्या वेळाने बायको म्हणाली, "पुरे आता. शेजारच्यांना वाटेल काहीतरी मागताय."

"इकडे ये," मी फरशीवरूनच म्हटलं. "खाली वाक."

ती वाकली. बघितलं. आम्ही दोघं चौरंगाशेजारी गाल फरशीला लावून पडलेलो, आणि वर बाप्पा.

"देव स्वतःची सोय स्वतः करतो," ती म्हणाली.

"काढूया?"

"वेड लागलंय? प्राणप्रतिष्ठा झालीय. उत्तरपूजा होईपर्यंत जागेवरून हलवत नाहीत. तो काढला की चौरंग डुगडुगणार, डुगडुगला की मूर्ती हलणार. आणि दहा दिवस कोणी जाहीर केले? दीड दिवसात गेले असते बाप्पा, तर आत्तापर्यंत तुकडा हातात असता."

ज्याच्यासाठी दहा दिवस केले त्याचाच तुकडा दहा दिवस अडकवून ठेवला होता मी.

शहाण्या माणसाने समोर जाऊन सांगितलं असतं. मी दुपारी बायको जरा आडवी झालेली बघून आतली खोली बंद केली आणि नकली सायब बनवायला बसलो. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा, दोन थर डिंकाने चिकटवलेले. भोकावर कागद ठेवून आकार काढला, कात्रीने कापला, ते बरं जमलं. मग रंग. बर्फासाठी ऑफिसातून आणलेलं व्हाइटनर, कोटासाठी बुटाचं पॉलिश. झाकणावरचं चित्र समोर ठेवून मी माणूस काढला. पण माझ्या हातून त्याचे पाय वर जाईनात. काही केल्या तो पडेना, बसूनच राहिला. चेहऱ्यावर ब्रश जरा घसरला. पुसला तर नाक लांबलं. परत पुसला तर आणखी लांबलं. शेवटी मी म्हटलं, थंडीच्या देशातल्या लोकांची नाकं लांब असतात.

संध्याकाळी अंकल आणि आंटी आले. मी ओरडलोच, "सापडला! सापडला हो!" आणि स्वतःच्या हाताने तुकडा भोकात बसवला. अगदी घट्ट बसला. ठोकावाही लागला नाही.

अंकलनी चष्मा लावला. वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"सायब," ते हळूच म्हणाले, "याला सोंड कधी आली?"

बायकोने पदर तोंडाला लावला. मी सगळं सांगून टाकलं. झाकण, पाच पावलं, फरशीचा उतार, लोटांगण. अंकल उठले, हॉलमध्ये गेले आणि चौरंगासमोर फरशीवर बसले. "अरे वाकू नको, वाकू नको!" आंटी मागून धावल्या. पण ते वाकले. पायाखालचा तो बुटाचा शेंडा त्यांना दिसला. आधी ते हसले, पोट हलेपर्यंत हसले. मग हसू थांबलं.

"झोप लागत न्हाय," ते म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "डोळे मिटले का ते भोक दिसतं. वाटतं, हे अर्धं ऱ्हायलं तं मी पन तिकडंच ऱ्हाईन."

 

मग माझी बायको, जिने सकाळी मला वेड्यात काढलं होतं, ती उठली आणि देवाच्या ताटातल्या अक्षता उचलल्या. "अहो, गुरुजींना फोन लावा," ती म्हणाली. "आजच उत्तरपूजा करू. अंकलसाठी दहा दिवस ठेवला, अंकलसाठी आज निरोप देऊ. बाप्पाला समजतं. लोकांना काय सांगायचं ते मी बघते."

मी फोन हातात घेतला.

"ठेव तो फोन!" आंटी म्हणाल्या.

ज्या बाईने जन्मभर त्या पझलचा राग राग केला, ती मध्ये उभी राहिली होती. माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघून बोलत होती. "दर टायमाला ते अर्धं टाकून गेलास. दर टायमाला. बरोबर?"

"हां," अंकल म्हणाले.

"आनि दर टायमाला परत आलास ना? वादळं आली, इंजिनं बंद पडली, तो तुझ्याबरोबरचा गेला तिकडंच, पन तू आलास. अर्धं टाकून गेलास म्हनून आलास. मी कशाला लोटायची ते खोक्यात? टेबल पायजे होतं म्हनून?" त्या थांबल्या. "टेबल पायजे होतंच. पन पुरं करून जायची अक्कल आता कोनी दिली तुला?"

मला वाटतं हे अंकलनाही त्या दिवशीच कळलं.

"वैनी, त्या अक्षता ठेवा," आंटी बायकोला म्हणाल्या. "देवाला घरातनं मधेच उठवायचा न्हाय. जेवत्या मानसाला उठवतो का आपन? आमच्यात पन न्हाय उठवत."

अंकलनी माझा हात धरला आणि त्या आधाराने उठले. "काढू नको," म्हणाले. "चौरंग हलला, देव पडला, तं माझं ऑपरेशन कोन करनार? तो डॉक्टर? त्याला तं मिशी पन फुटली न्हाय अजून." मग आतल्या खोलीत गेले, भोकातला तो सोंडवाला सायब नखाने उचकटला आणि शर्टाच्या खिशात घातला. "हा नेतो. बसलाय तरी, पडलेला न्हाय."

दुसऱ्या दिवशी ते ॲडमिट झाले. ऑपरेशनच्या वेळी मी देवासमोर बसून होतो. हात जोडलेले, पण नजर मूर्तीकडे नव्हती, चौरंगाच्या पायाकडे होती. बायकोने दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा तो गार झाला. संध्याकाळी आंटींचा फोन आला, "झालं. शुद्धीवर हाय. पयलं काय विचारलं माहीत हाय? ते कागद कुठं गेलं." नर्सने म्हणे त्यांच्या खिशातला तो तुकडा तावीज समजून आंटींच्या हातात जपून दिला होता आणि विचारलं होतं, कौन से बाबा हैं ये?

विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा झाली, गुरुजींनी मूर्ती जागेवरून हलवली, आणि सगळे मोठ्याने गजर करत असताना मी चौरंग उचलून खालचा तुकडा काढला. पंचामृत, पाणी, हळद-कुंकू, काय काय त्याच्यात झिरपलं होतं. लाकूड फुगलं होतं. पडलेल्या सायबाच्या आजूबाजूचा बर्फ पिवळा आणि थोडा लाल झाला होता, आणि बुटावर मुंग्या लागल्या होत्या. बायकोने तो निर्माल्याच्या पिशवीत जायच्या आत माझ्या हातातून घेतला. माझ्यावरचा तिचा विश्वास अजून उताराच्या फरशीइतकाच आहे.

अंकल घरी आले ते छातीशी उशी धरून. खोकला आला की ती उशी आवळायची, असं शिकवलं होतं. जरा हिंडायला लागल्यावर आंटींनी त्यांना दोन दारांमधला तेवढा प्रवास करवून आमच्याकडे आणलं. मी बर्फ दिवाणावर तयार ठेवला होता. अंकलनी तुकडा दोन बोटांत धरला, बघितला, ठेवला. तो बसला नाही. फुगला होता, एका बाजूने आत जायचा, दुसरीकडून वर यायचा. माझी मूठ आपोआप वर गेली.

"ठोकू नको!" तिघंही एकदम ओरडले. अंकलनी तर उशीसकट.

मग बायकोने त्यावर तोडगा काढला, जो कोकणातल्या कुठल्याही बाईने आंबोशीवर किंवा कोकमावर काढला असता. ऊन. तुकडा पुरणाच्या चाळणीत ठेवून खिडकीच्या ग्रिलमध्ये वाळत घातला. ऑक्टोबरचं ऊन चढायला लागलं होतं. खाली सोसायटीच्या आवारात कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरलेली. आम्ही घामाने निथळत रोज एकदा बर्फाचा तुकडा उलटा करायचो. अंकल रोज संध्याकाळी यायचे, लावून बघायचे, मान हलवायचे, परत चाळणीत ठेवायचे. त्यांना घाई नव्हती. उशी आधी हातात असायची, मग काखेत आली, मग एक दिवस घरीच राहिली.

आणि एका संध्याकाळी तुकडा आत गेला. बोटाने नुसता टेकवला आणि खुट्ट झालं, इतकंच.

आंटींनी पहिल्यांदाच ते चित्र नीट बघितलं. कालवा, कोट, कुत्रं, तंबू, आणि मध्ये हळदीच्या डागावर उताणा पडलेला, तोंड उघडं टाकलेला मी.

"याच्यासाठी?" त्या म्हणाल्या. पण बघत राहिल्या.

आम्ही चौघांनी चहा घेतला. बायकोने चित्रातल्या तंबूकडे बोट दाखवून, तिथेही हाच आहे, असं परत सांगितलं. चहा संपल्यावर अंकल पुढे वाकले, नखाने पडलेल्या सायबाचा तुकडा उचकटला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हे काय? आत्ता तर झालं!"

"ठेव. पुढच्या चतुर्थीला लागंल," ते म्हणाले. "तुझी फरशी काय सुधारनार न्हाय."

खिशातून त्यांनी तो पुठ्ठ्याचा काढला. हॉस्पिटलात जाऊन आल्यामुळे जरा चुरगळला होता, पण भोकात बसला.

आता खरा तुकडा आमच्याकडे आहे, समईच्या डब्यात, वाती आणि कापरासोबत. बायकोने त्या डब्याला झाकण लावलंय आणि तो डबा उचलायची मला मनाई आहे. गणपती यापुढेही दहा दिवसांचाच, हे तिनेच ग्रुपवर टाकलं. आणि बाकीचं चित्र समोरच्या घरी काचेखाली लावलंय, भिंतीवर, आंटींच्या टेबलाच्या बरोबर वर. बोंबील निवडताना त्यांची नजर जाते. कोणी पाहुण्याने विचारलं तर त्या सांगतात, अपुरं हाय, एक तुकडा बाहेर हाय, ऱ्हाऊ दे.

जवळ जाऊन बघितलं तर कालव्याच्या मधोमध, सगळे वळसा घालून जातायत तिथे, लांब नाकाचा एक माणूस बर्फावर बसलेला दिसतो. पडलेला नाही. तेवढी सुधारणा माझ्या हातून झालेली आहे.